आधी हात बदलतो, मग मत

नांदेड जिल्ह्यातल्या देगलूरच्या बाजारात चार भाषांत हिशोब चालतो. मराठी आहे, उर्दू आहे. तेलंगणाची आणि कर्नाटकाची हद्द जवळ असल्यामुळे तेलुगू आणि कन्नडही आहे. तेलुगू घरातलं पोर २१ ला 'इरवै ओकटि' म्हणतं, म्हणजे आधी वीस आणि मग एक. कन्नड घरातलं पोर 'इप्पत्तोंदु' म्हणतं, तिथेही वीस पुढे आणि एक मागे. तेच पोर जिल्हा परिषदेच्या शाळेत आलं की 'एकवीस' शिकतं. इथे एक पुढे, वीस मागे. पाटीवर मात्र सगळ्याच भाषांत आधी २ लिहायचा, मग १. सहा वर्षांच्या मुलाचं तोंड एका दिशेने आणि हात उलट्या दिशेने चालतो, आणि तरीही बहुतेक मुलं ही कसरत पार पाडतात!

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीचं दुसरीचं नवं गणिताचं पुस्तक आलं. त्यात 'एकवीस' होतंच, पण सोबत 'वीस एक' असंही वाचायची मुभा दिली होती. गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर. त्यांचं म्हणणं सरळ होतं: मुलं आकड्यांची उलटापालट करतात, जोडाक्षरांना अडखळतात, लिहिण्याचा आणि बोलण्याचा क्रम एक झाला तर पहिली पायरी सोपी होईल. महाराष्ट्रात गदारोळ उठला. वाहिन्यांवर चर्चा रंगल्या, विधानसभेत आडनावांवरून कोट्या झाल्या. ज्यांनी दुसरी इयत्ता सोडून चाळीस वर्षं लोटली होती, त्यांनी सर्वांत जोरात मत दिलं.

त्या सगळ्या गलक्यात एक साधा प्रश्न राहून गेला. पुस्तक बदललं. आता दुसरीच्या वर्गावरचे गुरुजी उद्या सकाळी काय करणार? 'वीस एक' म्हणून बघणार, की ते पान उलटून पुढे जाणार? आणि ते कशावरून ठरतं? शाळेतला बदल शिक्षक स्वीकारतात कसा, हा वरवर प्रशासनाचा रुक्ष विषय वाटतो. खोलात गेलं तर माणूस आपलं मत नेमकं कधी बदलतो, या फार मोठ्या कोड्यापाशी आपण पोचतो.

हट्टी कोण?

'शिक्षकांना बदल नकोच असतो' हे वाक्य आपण फार सहज बोलतो. देगलूरच्या इतिहासापुढे ते टिकत नाही.

हा तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू. वरच्या शिक्षणाची आणि सरकारी नोकरीची वाट उर्दूतून जायची. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं आणि शाळांची भाषा पालटू लागली. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळं आंध्र प्रदेशात गेली, उरलेला तालुका द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या.

म्हणजे १९४५ च्या सुमारास नोकरीला लागलेल्या इथल्या एखाद्या मास्तरांनी वीस वर्षांच्या आत राजवट, राज्य, मालक, पाठ्यपुस्तकं आणि कदाचित शिकवण्याची भाषासुद्धा बदललेली पाहिली. शाळा बंद पडल्या नाहीत. ज्या वर्गाने एवढं पचवलं, त्याला हट्टी कसं म्हणायचं?

पण आता दुसरी बाजू. एवढं सगळं बदललं, तरी वर्गात शिरलं की दृश्य तेच राहिलं: फळ्याशी एक जण उभा, समोर रांगेत बाकीचे, एकाने सांगायचं आणि सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं. भाषा बदलली, सूर तोच. दरवाजावरची पाटी बदलली, दरवाजाच्या आतलं शिकवणं तसंच राहिलं. खरं आश्चर्य इथे आहे. राज्य बदलण्यापेक्षा एका तासाची शिकवण्याची रीत बदलणं अवघड कसं असू शकतं?

अकरा हजार तासांची शिकवणी

डॅन लॉर्टी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये शिक्षकी पेशावर एक पुस्तक लिहिलं. त्यातलं एक निरीक्षण एकदा कळलं की डोक्यातून जात नाही. वकील होण्याआधी कुणी हजारो तास कोर्टात बसलेला नसतो. शल्यविशारद होण्याआधी कुणी वर्षानुवर्षं शस्त्रक्रिया पाहिलेल्या नसतात. शिक्षक हा एकच व्यवसाय असा आहे की ज्यात शिरण्याआधी माणसाने आपल्या पेशातल्या लोकांना रोज, समोर बसून, बारा-पंधरा वर्षं काम करताना पाहिलेलं असतं. लॉर्टीने तिथल्या विद्यार्थ्यांसाठी हा आकडा सुमारे १३,००० तास धरला होता.

आपल्याकडचा हिशोब करून पाहू. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान ८०० तास आणि सहावी ते आठवीसाठी १,००० तास ठरवले आहेत. आठवीपर्यंत झाले ७,०००. पुढची चार वर्षं त्याच हिशोबाने धरली तर बारावीपर्यंत ११,०००. त्यानंतर दोन वर्षांची डी. एड. आणि नोकरीत अधूनमधून पाच-सात दिवसांची प्रशिक्षणं.

म्हणजे प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये बसलेल्या शिक्षकाच्या आत आधीच ११,००० तासांची एक फीत चालू असते. 'मुलांना गटात बसवा' हे तो ऐकतो, वहीत उतरवून घेतो, मनापासून पटवूनही घेतो. सोमवारी वर्गात पाऊल टाकलं, चाळीस पोरांचा गलबला सुरू झाला की ती फीत आपोआप लागते आणि तोंडून निघतं, 'हाताची घडी, तोंडावर बोट.' हा आळस नाही आणि आडमुठेपणाही नाही. संकटात माणूस सवयीकडे जातो, आणि चाळीस मुलांचा गोंगाट हे रोजचं संकट आहे.

उलटा क्रम

बदल घडवू पाहणाऱ्यांचा नेहमीचा क्रम असा: आधी शिक्षकांचं प्रबोधन करायचं. त्यांचं मत बदललं की शिकवणं बदलेल, शिकवणं बदललं की मुलं शिकतील. म्हणून तर प्रशिक्षणाची सुरुवात दीपप्रज्वलन आणि प्रेरणादायी भाषणाने होते.

१९८६ मध्ये थॉमस गस्की या अभ्यासकाने हा क्रम उलटा मांडला. त्याचं म्हणणं असं की शिक्षक आधी थोडंसं काहीतरी वेगळं करून बघतो, पुष्कळदा अर्धवट विश्वासाने. त्यातून मुलांत फरक दिसला, तर आणि तरच, त्याचं मत बदलतं. भाषणाने मत बदलत नाही; गेली दोन वर्षं न वाचणारं पोर वाचायला लागलं की बदलतं. मत हे बदलाचं कारण नसून बदलाचं फळ आहे.

शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या २५९ मका उत्पादकांचा एक प्रसिद्ध अभ्यास १९४३ मध्ये छापून आला. संकरित बियाणं उघडउघड जास्त उत्पन्न देत होतं, तरी ते सगळीकडे पसरायला दहा-बारा वर्षं लागली. बियाण्याची पहिली बातमी विक्रेत्याने आणली, पण पटवलं शेजाऱ्याच्या शेताने. आणि पटल्यावरही शेतकऱ्याने सगळं रान एकदम दिलं नाही, आधी एक तुकडा पेरून पाहिला. नांदेड-लातूरकडे ज्वारी-कापसाच्या रानात सोयाबीन शिरलं ते कुणा अधिकाऱ्याच्या व्याख्यानाने नव्हे. बांधापलीकडच्या माणसाला चार पैसे सुटलेले दिसले म्हणून. शिक्षकाचा वर्ग हे त्याचं रान आहे. फरक एवढाच की शाळेला बांध नाही, भिंत आहे. शेजारच्या वर्गात काय पिकतंय ते दिसतच नाही.

बिहार आणि हरियाणाचा दाखला

हे सगळं तर्काचं झालं. पुरावा काय? तो आपल्याच देशातला आहे आणि चकित करणारा आहे.

१९९५ मध्ये मुंबईत माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांनी 'प्रथम' ही संस्था सुरू केली. तिने एक साधी पद्धत विकसित केली. तिसरी-चौथी-पाचवीची मुलं इयत्तेनुसार न बसवता, कुणाला अक्षरं येतात, कुणाला शब्द, कुणाला परिच्छेद, त्यानुसार गट करायचे आणि जिथे मूल आहे तिथून शिकवायचं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत अनेक राज्यांत काटेकोरपणे तपासली.

बिहारमध्ये २००८ च्या उन्हाळ्यात सरकारी शाळांच्या शिक्षकांनीच महिनाभराची शिबिरं घेतली, आणि तेवढ्यात मुलांचं वाचन सुधारलं. मग नियमित वर्षात काही शाळांतल्या शिक्षकांना तेच प्रशिक्षण आणि तेच साहित्य दिलं. फरक पडला? नाही. जवळपास शून्य. तीच पद्धत, तसेच सरकारी शिक्षक, तशीच मुलं. उन्हाळ्यात जमलं, जुलैत जमेना!

उत्तराखंडमध्ये याहून गमतीदार प्रकार झाला. मदतीला गावातले स्वयंसेवक दिले, तर शाळांनी त्यांनाच नेहमीच्या वर्गावर जुंपून टाकलं, आणि परिणाम पुसला गेला. कारण सापडलं ते साधं होतं. शाळा सुरू झाली की शिक्षकाच्या डोक्यावर अभ्यासक्रम पूर्ण करण्याची तलवार असते. नवी पद्धत त्याला पटलेली असते, पण ती कोणत्या वेळेत बसवायची हे कुणी सांगितलेलं नसतं.

मग हरियाणात २०१२-१३ मध्ये ४०० शाळांत प्रयोग झाला. यात दोन गोष्टी वेगळ्या केल्या. वेळापत्रकात रोजचा एक तास या कामासाठी राखून ठेवला. आणि आपल्याकडच्या केंद्रप्रमुखांसारखे जे शाळा-भेटी देणारे पर्यवेक्षक होते, त्यांना आधी स्वतः वर्गावर उभं केलं. काही आठवडे त्यांनी मुलांना त्या पद्धतीने शिकवलं, मगच ते इतर शिक्षकांना मार्गदर्शन करायला गेले. या वेळी मुलांची भाषा खरोखर सुधारली. त्याच अभ्यासात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची योजनाही तपासली होती. तिचा शिकण्यावर काही परिणाम आढळला नाही.

इथे महाराष्ट्रातल्या शिक्षकांना कसनुसं हसू येईल. आपल्याकडे हेच मूल्यमापन २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने आलं. कल्पना सुंदर होती: परीक्षेच्या एका दिवसावर मूल तोलू नका, वर्षभर त्याच्याकडे बघत राहा. प्रत्यक्षात वर्णनात्मक नोंदी लिहायच्या म्हटल्यावर तयार वाक्यांच्या पुस्तिका फिरू लागल्या. 'वर्गकार्यात सहभागी होतो', 'स्वतःचे अनुभव सांगतो', 'चित्रांचे वर्णन करतो' अशा नोंदी आलटून पालटून उतरवायच्या. नोंदवही भरली, मूल बघायचं राहूनच गेलं. शिक्षकाने बदल नाकारला नाही, उलट तंतोतंत पाळला, फक्त कागदावर. नकारापेक्षा हा होकार जास्त महाग पडतो, कारण वर बसलेल्यांना सगळं आलबेल दिसतं.

हुकूम काय करू शकतो

हुकमाने काहीच होत नाही, असंही नाही. नांदेडकरांना हे वेगळं सांगायला नको. २०१० च्या आसपास जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांच्या काळात नांदेडची कॉपीमुक्तीची मोहीम राज्यभर गाजली. शाळांच्या हजेरीपटावरची खोटी नावं शोधण्याचं कामही नांदेडमध्ये झालं, आणि पुढे ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला अख्ख्या महाराष्ट्रात पटपडताळणी झाली. शाई लावून मुलं मोजली गेली.

ही कामं हुकमाने झाली आणि व्हायलाच हवी होती. पण ती कोणत्या जातीची आहेत ते पाहा. कॉपी थांबवणं, खोटं नाव काढणं: दोन्हींत काहीतरी बंद करायचं आहे, आणि ते बंद झालं की नाही हे बाहेरून दिसतं. मुलाची चूक समजून घ्यायची, त्याला विचार करायला वेळ द्यायचा, प्रश्न उलटा विचारायचा, ही कामं सुरू करायची असतात आणि ती बाहेरून दिसत नाहीत. तिथे भरारी पथक पाठवून उपयोग नाही.

४२ वजा १७

ती न दिसणारी गोष्ट असते तरी कशी, ते एका गणितात जवळून पाहू. तिसरीतल्या मुलाने ४२ वजा १७ बरोबर ३५ लिहिलंय. फुली मारली की विषय संपला. पण थांबून पाहिलं तर? त्याने ७ मधून २ काढले, ५. चारातून एक काढला, ३. म्हणजे 'मोठ्यातून लहान वजा करायचं' हा नियम त्याने कटाक्षाने पाळलाय. ५३ वजा २८ दिलं तर तो हमखास ३५ लिहील, ६१ वजा ३४ ला ३३. तो चुकतोय, पण बिनचूक पद्धतीने चुकतोय! 'लक्ष कुठाय तुझं?' असं त्याला विचारणं अन्यायाचं आहे. त्याचं लक्ष पूर्ण होतं.

'दोनातून सात जात नाहीत, शेजारून हातचा घे' हे त्याने पन्नासदा ऐकलेलं असतं. आता त्याच्यापुढे तुराट्यांच्या काड्या ठेवल्या. दहा-दहाच्या चार जुड्या, दोन सुट्या. यातल्या सतरा दे म्हटलं. पोर एक जुडी उचलून देतं. मग सात द्यायला सुट्या दोनच. ते थबकतं, दुसऱ्या जुडीकडे बघतं, आणि सांगितल्याशिवाय तिचं रबर काढतं. पुढ्यात दोन जुड्या आणि पाच सुट्या उरतात. पंचवीस. वहीतले पस्तीस आणि पुढ्यातले पंचवीस यांच्याकडे ते आळीपाळीने बघतं. त्या क्षणी मुलाला हातचा कळतो, हे तर झालंच. पण त्याच क्षणी समोर बसलेल्या बाईंना कळतं की आपण इतकी वर्षं ज्याला निष्काळजीपणा म्हणत होतो, तो विचार होता. बाईंचं मत बदलतं ते इथे, जमिनीवर, त्या सुटलेल्या जुडीपाशी. गस्की सांगतो तो उलटा क्रम हाच.

कुमठ्याची वारी

काड्यांच्या जुड्या, मण्यांच्या माळा, मुलांना हाताळायला साहित्य हे महाराष्ट्राला नवं नव्हतं. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे कोसबाडला ते काम बहरलं. कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये 'सृजन आनंद' सुरू केलं. पुस्तकं होती, कौतुक होतं. तरी या शाळा बेटांसारख्या राहिल्या. सर्वसामान्य शिक्षक म्हणायचा, 'त्यांचं ठीक आहे, आमच्या झेडपीत हे चालायचं नाही.'

मग २०१२ नंतर साताऱ्याजवळच्या कुमठे बीटात एक वेगळं घडलं. बीट म्हणजे शिक्षण विस्तार अधिकाऱ्याच्या हाताखालच्या शाळांचा गट. हा गट चाळीसएक शाळांचा. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी तिथल्या शिक्षकांसोबत ज्ञानरचनावादी पद्धत वर्गात उतरवली. वर्गाची जमीनच फळा झाली, साहित्य मुलांच्या हातात आलं, धाक आणि शिक्षा मागे पडली. आणि मुख्य म्हणजे या साध्यासुध्या झेडपीच्या शाळा होत्या. शिक्षक बदलीने आलेले, मुलं गावातलीच. 'आमच्याकडे चालणार नाही' या वाक्याचा आधारच निघून गेला.

महाराष्ट्रभरातून शिक्षक कुमठ्याला येऊ लागले. गाड्या करून, पुष्कळदा पदरमोड करून. ज्या शिक्षकवर्गाला 'बदल नको असतो', तो पगारातले पैसे मोडून दुसऱ्याचा वर्ग बघायला शेकडो किलोमीटर जात होता! तत्कालीन प्रधान सचिव नंदकुमार यांनी या बघण्याला धोरणात जागा दिली, आणि २२ जून २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा शासन निर्णय निघाला. त्याच्या मुळाशी फार शहाणी कल्पना होती: सगळ्यांना एकच साचा देऊ नका, शिक्षकाने यशस्वी शाळा बघावी आणि आपली वाट शोधावी.

पुढचा भागही सांगायला हवा. बघण्याची लाट आली तशी नकलेचीही आली. कित्येक ठिकाणी जमिनीवर ऑइल पेंटने चौकटी रंगल्या, माळा टांगल्या गेल्या, आणि शिकवणं तेच राहिलं. शाळा प्रगत झाल्याचे निकष आले, निकषांमागे घोषणा आल्या, घोषणांमागे तारखा. शिवाय ऑनलाइन माहिती भरण्याचं ओझं त्याच काळात वाढलं आणि कुमठ्याला हौसेने गेलेले तेच शिक्षक वैतागले. डोळ्यांनी बघून आलेली गोष्ट हातात उतरायला वेळ लागतो. तो वेळ दिला तिथे काम टिकलं. नाही दिला तिथे रंग तेवढा उरला.

तीन प्रश्न, ठरलेल्या क्रमाने

हा वेळ नेमका कशात जातो? १९७० च्या दशकात टेक्सास विद्यापीठात जीन हॉल, शर्ली हॉर्ड आणि सहकाऱ्यांनी नव्या पद्धतीला सामोरं जाणाऱ्या शिक्षकांच्या मनातल्या काळज्या अभ्यासल्या. त्यांना दिसलं की काळज्यांना साधारण क्रम असतो. सुरुवातीचा प्रश्न स्वतःविषयीचा: 'यात माझं काय होणार? मला जमेल का?' नंतरचा कामाविषयीचा: 'वेळ कुठून आणू? साहित्य कसं सांभाळू?' आणि सर्वांत शेवटी मुलांविषयीचा: 'याने मुलांना काय मिळतंय?'

आता आपल्या कोणत्याही प्रशिक्षणाकडे बघा. वक्ता पहिल्याच वाक्यापासून तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देत असतो: देशाचं भवितव्य, बालकाचा सर्वांगीण विकास. समोर बसलेले सर अजून दुसऱ्या प्रश्नापाशी असतात: 'माझ्याकडे दोन शिक्षकांत चार वर्ग आहेत, एक जण आज मतदार यादीच्या कामाला गेलाय, पोषण आहाराचा हिशोब भरायचाय, हे बसवू कुठे?' दोघंही प्रामाणिक, पण दोघांची गाठच पडत नाही. मग वक्ता म्हणतो शिक्षक नकारात्मक आहेत, आणि सर म्हणतात साहेबांनी कधी खडू धरलेला नाही.

त्यात आणखी एक खड्डा असतो, त्याकडे मायकेल फुलन या अभ्यासकाने लक्ष वेधलं. नवी पद्धत सुरू केली की काम आधी बिघडतं, मग सुधारतं. गटकार्याच्या पहिल्या महिन्यात वर्गात गोंगाट वाढतो, धडे मागे पडतात, पालक विचारतात 'आजकाल काही लिहून देत नाहीत का?' नेमकं त्याच आठवड्यात तपासणी आली आणि 'धडा कितवा चालू आहे?' एवढंच विचारून गेली, तर शिक्षक शहाण्यासारखा जुन्या वाटेला परततो. पुढच्या वेळी नवं काही आलं की तो हसून म्हणतो, 'असे कैक आले आणि गेले.' हे वाक्य निराशेचं वाटतं, पण ते अनुभवाचं आहे. आपल्या शिक्षकांनी खरोखरच कैक पाहिलेत.

मग मदत करायची कशी?

वरच्या सगळ्या पुराव्यातून जे निघतं ते फार खर्चाचं नाही. एका वेळी एकच बदल द्यावा आणि तो दोन वर्षं हलवू नये. नवं काम देताना जुनं एक काम लेखी काढून घ्यावं. एक नोंदवही बंद केली तरी शिक्षकाला कळतं की समोरचा गंभीर आहे. रोजचा एक तास राखून ठेवावा आणि तो कुठल्याच बैठकीने खाऊ नये. पहिले तीन महिने मोजमाप करू नये. शिक्षकांनी एकमेकांच्या वर्गात जाऊन बसावं. त्यासाठी साताऱ्याला जायची गरज नाही, शेजारच्या गावची शाळा पुरते. आणि पद्धत आपल्या मुलांप्रमाणे वाकवायची मुभा असावी. देगलूरच्या शिक्षकाला तेलुगू-कन्नड घरातल्या पोराचं 'आधी वीस, मग एक' हे जे आयतं भांडवल मिळतं, ते पुण्यात बसून कुणाला सुचणार नाही. 'वीस एक' वापरायचं की नाही, हे त्याने आपल्या वर्गात महिनाभर करून बघावं आणि मग आपलं मत द्यावं. मत देण्याचा तो रास्त मार्ग आहे.

यात सर्वांत जड गोष्ट अधिकाऱ्याच्या वाट्याला येते. हरियाणाने दाखवलं की मार्गदर्शकाने आधी स्वतः शिकवलेलं असलं तर त्याचं ऐकलं जातं. आपल्याकडे केंद्रप्रमुख आहेत, केंद्र पातळीवरची शिक्षण परिषद आहे. नवी यंत्रणा उभारायची गरजच नाही. पुढच्या परिषदेत एक भाषण कमी करा. सत्कार, प्रास्ताविक, आभार यांतलाही वेळ वाचेल. त्या वेळेत केंद्रप्रमुखांनी किंवा मुख्याध्यापकांनी तिसरीच्या पंधरा-वीस मुलांना सगळ्यांदेखत वजाबाकी शिकवावी, आणि बाकीच्यांनी मुलांच्या वह्यांत डोकवावं. तास फसला तरी चालेल. साहेबांचाही तास फसतो हे एकदा सगळ्यांनी पाहिलं, की आपला फसलेला तास सांगायला शिक्षक घाबरणार नाहीत.